दिराचा सत्कार

माझ्या दिराचा पोलिसांनी सत्कार केला त्याला आता काही महिने झाले, पण अजूनही कुणी माझ्यासमोर सत्कार हा शब्द काढला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा ऑफिसात एका बाबूंच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. शाल आली, श्रीफळ आलं, माइकवर कुणीतरी घसा साफ केला आणि मी उठून सरळ कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. लोकांना वाटलं, मॅडमचं त्या बाबूंशी काही बिनसलं आहे. बाबू बिचारे फार चांगले होते.

दीर म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. सासरे संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते, नवराही तिथेच लागला, आणि मी लग्नानंतर नागपूरहून जबलपूरला येऊन केंद्र सरकारच्या एका कार्यालयात चिकटले. जबलपूरच्याच गोरखपूर भागात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. सगळे नोकरदार, सगळे वेळेवर जेवणारे. आणि या घरातल्या धाकट्याने घरफोडीचा धंदा धरला. मी हे गोड शब्दांत सांगणार नाही. बंद घर हेरायचं, कुलूप तोडायचं, हाती लागेल ते उचलायचं. मग पकडला जायचा, आत जायचा, सुटून यायचा, आईच्या पायांवर डोकं ठेवून रडायचा आणि थोड्याच दिवसांत पोलिस पुन्हा आमच्या दारात. एका बाईचं मंगळसूत्र तर कधीच सापडलं नाही. ती बाई कोर्टात आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही.

त्याच्या तुरुंगातल्या वर्षांनी आमच्या घराचीही वर्षं खाल्ली. सासरे निवृत्त झाले ते खाली मान घालूनच. शेजारी लग्नाला गावी जायचे तेव्हा आमच्याशी न बोलता घराला दुसरं कुलूप लावून जायचे. मी कपाटाची किल्ली कमरेला खोचून फिरायचे आणि त्याच्यासमोर फिरायचे. सासूबाई म्हणायच्या, "काहून असं करतं तू? पोराले किती लागत असन." मी म्हणायचे, "लागू द्या." आमच्या घरी माझ्या रागाला वेगळं ताट वाढावं लागतं, असं नवरा म्हणतो. वाढा की मग.

इथल्या पोलिस ठाण्यात अशा माणसांना निगरानी बदमाश म्हणतात. म्हणजे नाव कायमचं नोंदलेलं. गणपती आले, दुर्गा आली, निवडणूक आली की यांना ठाण्यात बोलावून बसवायचं. शहरात कुठेही कुलूप तुटलं की आधी यांच्या घरी यायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मग शेवटच्या वेळी तो सुटून आला तेव्हा नवी योजना सुरू झाली होती. जी माणसं पुन्हा पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडतात, अशी मोजकी निवडायची, त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवायचं आणि सोबत त्यांना उभं राहायला मदतही करायची. लक्ष ठेवायला आमच्या बीटचे हवालदार, मदतीला एका संस्थेची तरुण समुपदेशक. तिला आम्ही नुसतं मॅडम म्हणायचो. स्कूटीवरून यायची, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची.

मी सरकारी नोकर आहे, योजना कशा चालतात ते मला कुणी शिकवू नये. पण ही चालली. सुरुवातीला घोडं अडलं ते एवढ्यावरच, की हवालदार यायचे ते नेमके दीर कामाच्या शोधात बाहेर पडल्यावर. घरी नाही मिळाला की वर तसं कळवायचे, आणि घरी बसला तर काम कुठून मिळणार? मॅडमने ठाण्यात जाऊन भांडण केलं, हो, चक्क भांडण, आणि हवालदार सकाळी लवकर यायला लागले. ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, "सब ठीक?" विचारायचे, दिराचा मोबाइलवर फोटो काढायचे आणि जायचे. माणूस वाईट नव्हता. चहात साखर जास्त लागायची, एवढाच त्रास.

मॅडमने त्याला पाण्याच्या आरओ मशीनची दुरुस्ती शिकायला पाठवलं आणि मग शहरातल्याच विजय नगर वस्तीत एका दुकानात लावून दिलं. दुकानाच्या सेठजींना तिने सगळं खरं सांगितलं होतं. सेठजी म्हणाले, "मुझे बता दिया, अच्छा किया. अब किसी और को बताने की ज़रूरत नहीं." या एका वाक्यावर माझ्या दिराचं पुढचं सगळं उभं राहिलं. कारण काम लोकांच्या घरात जाऊन करायचं होतं. ज्याने आयुष्यभर घरं फोडली, त्याला आता लोक बेल वाजवल्यावर आत घेणार, स्वयंपाकघरात नेणार, वर पाणी विचारणार.

त्याने स्वतःचा एक नियम केला होता. मशीन उघडायच्या आधी घरातल्या बाईला म्हणायचा, "दीदी, आप यहीं खड़े रहिए." ती म्हणायची, अरे भैया, मला कपडे वाळत घालायचे आहेत. हा हातातला पाना खाली ठेवायचा आणि ती परत येईपर्यंत थांबायचा. लोकांना वाटायचं, हा माणूस आपलं काम दाखवायला फार हौशी आहे. एकदा एका आजींनी फोनवर सांगितलं की मी मुलीकडे चालले, किल्ली शेजारून घे आणि फिल्टर बदलून टाक. हा तसाच माघारी आला. संध्याकाळी जेवताना सांगत होता. "वहिनी, आपल्याच हातानं किल्ली देऊन राहिली होती ती," म्हणाला. मी त्याच्या ताटात अजून एक पोळी टाकली. पण त्या दिवसानंतर मी कपाटाची किल्ली कमरेला खोचणं सोडून दिलं, हेही सांगून टाकते.

दोन पावसाळे गेले. तो रोज कामावर जात होता. मग एका सकाळी हवालदार चहा घ्यायच्या आधीच हसायला लागले. ठाण्यात नाही, मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, म्हणाले. योजनेतून जे सुधारले त्यांचा सन्मान. मोठे साहेब येणार. "आपके देवर का नाम सबसे ऊपर है, भाभीजी!" त्यांना खरंच आनंद झाला होता, त्यात शंका नाही.

ते गेल्यावर दीर माझ्याकडे स्वयंपाकघरात आला. "वहिनी, नाही म्हटलं तं चालन का?"

"काहून नाही चालन? तोंड उघडून सांगा त्याले."

"ज्यानं लक्ष ठेवायचं त्यानंच बोलावलं. त्याले कोण नाही म्हणन? उद्या तो वर लिहीन, सहयोग नाही करून राहिला म्हणून."

हे त्याचं म्हणणं मला आधी भित्रेपणाचं वाटलं. नंतर मी त्यावर जितका विचार केला तितकी चिडत गेले, कारण ते बरोबर होतं. तुमच्या दारात रोज येणारा पोलिस जेव्हा हसून आमंत्रण देतो, तेव्हा ते आमंत्रण नसतंच. मी मॅडमला फोन केला. सांगितलं, शाल द्या, नारळ द्या, हवं तर पेढे द्या, पण फोटो नको आणि पेपरवाले नकोत. त्याचं पोट लोकांना माहीत नसण्यावर चाललं आहे. ती म्हणाली, "दीदी, छोटा-सा आंतरिक कार्यक्रम है. मैं बोल दूँगी." तिने सांगितलं असणार. तिचं कुणी ऐकलं नाही, हा भाग वेगळा.

घरात मात्र माझ्याशिवाय सगळे फुलून आले होते. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. जन्मभर पोलिस आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी ती बाई, तिला पोलिस पहिल्या रांगेत खुर्ची देणार होते. तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? नवरा म्हणाला, "चलो, एक दिवस तरी चांगला जाऊ दे ना." मी गेले. जाऊन मागच्या रांगेत बसले.

छोटासा आंतरिक कार्यक्रम म्हणजे स्टेज, मागे मोठं बॅनर, फुलांच्या कमानी आणि पुढे कॅमेऱ्यांची रांग. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईने दिराला स्टेजवर उभं केलं आणि आधी त्याचे गुन्हे वाचले. एकेक करून, कलमांसकट. कधी, कुठे, किती वेळा. आधी काय होता ते कळल्याशिवाय आता काय झाला ते लोकांना कसं कळणार, असा त्यांचा हिशेब असेल. मग तो आता लोकांच्या घरी जाऊन आरओ दुरुस्त करतो, हे सांगितलं. टाळ्या. शाल. दीर हात जोडून उभा होता आणि बघत होता ते फक्त दाराकडे. सासूबाई रडत होत्या. मला एवढा राग आला होता की माझ्या शेजारच्या माणसाने टाळ्या थांबवून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात आतल्या पानावर फोटो आला. तरी तेवढ्यावर निभावलं असतं. विजय नगरात कोण आतलं पान वाचतं? ज्यांना पेपर येतो ते तो पोळ्या गुंडाळायला वापरतात. पण आमची माणसं होती ना अजून शिल्लक.

इथल्या मराठी मंडळींचं आमचं एक मंडळ आहे. फॅक्टरीवाले, रेल्वेवाले, आमच्यासारखे. या मंडळाला सत्कार करायचं व्यसन आहे. कुणाची पोरगी दहावीला बरे गुण मिळवो, कुणाला बढती मिळो, कुणी गुडघ्याचं ऑपरेशन करून परत येवो, शाल तयार. आमच्या घरी मात्र ही मंडळी कधी फिरकली नव्हती, का ते उघड आहे. त्या संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पुष्पगुच्छ घेऊन दारात. "अहो वहिनी, पोरानं समाजाची मान उंच केली! आता आपलं पण काही कर्तव्य आहे." दोन लाडू खाल्ले, दिराच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्याकडून दुकानाचा नंबर घेतला. मी आत होते. मला वाटलं, त्यांच्या घरचं मशीन बिघडलं असेल.

घरी जाऊन त्यांनी आपलं कर्तव्य केलं. पेपरातल्या बातमीचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, आणि खाली लिहिलं की हा आपल्या समाजाचा तरुण, एके काळी वाट चुकला होता, आज पोलिसांनी गौरवला आहे, तरी आरओ दुरुस्तीसाठी सर्वांनी यालाच बोलवावं. खाली दुकानाचं नाव, पत्ता, नंबर. जास्तीत जास्त लोकांना पाठवा, अशी हात जोडून विनंती.

आणि लोकांनी पाठवलं! मराठी माणसाने मराठी माणसाला एवढी मदत केलेली मी जबलपुरात आल्यापासून पाहिली नव्हती. मंडळातली कितीतरी कुटुंबं विजय नगरातच राहतात. त्यांनी आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. रात्रीची जेवणं व्हायच्या आत तिथल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, यही आदमी तो हमारे किचन में आता था ना? कुणीतरी लिहिलं, आमच्या घरून मागच्या वर्षी चांदीचा पेला गेला होता. कुणी लिहिलं, म्हणूनच तो आपल्याला शेजारी उभं करून बोलण्यात गुंतवायचा.

हे वाचून मी मोबाइल पलंगावर फेकला. त्याचा तो नियम, ज्यासाठी मी एक पोळी जास्त वाढली होती, तोच आता त्याच्यावर उलटला. त्या बायकांचा राग मला येत नाही. खरंच सांगते, माझ्या स्वयंपाकघरात असा माणूस येऊन गेल्याचं मला ग्रुपवर कळलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं, कदाचित जास्त वाईट. घरात कुणाला घ्यायचं हे ठरवायचा त्यांना हक्क होता म्हणा हवं तर. पण ज्यांना सगळं माहीत होतं, ज्यांनी त्याला दोन वर्षं बघितलं होतं, त्यांनी टाळ्यांसाठी त्याला उघडं करायचं काय कारण होतं?

सोसायट्यांच्या गेटवर त्याला अडवायला लागले. मग दुकानाला फोन, की तुमचा माणूस नको, आणि मग, तुमची सर्व्हिसच नको. सेठजींनी थोडे दिवस ओढले. त्याला दुकानात आत बसवून मशीन जोडायला दिली. मग एक दिवस मलाच बोलावून घेतलं. "भाभीजी, मैंने आज तक किसी को नहीं बताया था. आप ही लोगों ने बता दिया." त्यांनी त्याचा राहिलेला पगार माझ्या हातात ठेवला. मी हात जोडून परत आले. रस्त्यात मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. ते म्हणाले, "वहिनी, आम्ही तं चांगल्यासाठीच केलं." यावर तर मी अजूनच बोलले. आता ते मला पाहून रस्ता बदलतात. बदलू द्या.

नवऱ्याने सुचवलं, बरगी धरणाजवळ त्याचा आतेभाऊ आहे, तिथे मासेमारीचं काम आहे, तिकडे पाठवू. हवालदारांना विचारलं तर म्हणाले, वो दूसरा थाना हो जाएगा, निगरानी इधर की है, ऊपर से पूछना पड़ेगा. वर विचारलं की नाही, देव जाणे.

शेवटी मी अर्धी रजा टाकून मॅडमच्या ऑफिसात गेले. म्हटलं, त्याला दुसरं काम बघा, कुठलंही, लोकांच्या घरात न जाता करता येईल असं. तिने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि टेबलाकडे बघत म्हणाली, "दीदी, उनका केस तो सम्मान के साथ ही बंद हो गया. सफल केस में गिना गया है. अब मेरे पास उनके लिए कुछ नहीं है."

"पर निगरानी तो चालू है. हवालदार तो आज सुबह भी आए थे."

"वो थाने का है. वो अलग चलता है."

"तो फिर से खुलवाने के लिए क्या करना पड़ेगा?"

तिने समोरचे कागद सारखे केले. मी पुन्हा विचारलं. मग अगदी हळू म्हणाली, "नया मामला दर्ज हो, तब." तिचे डोळे भरून आले होते. एरवी मी कुणाला रडताना पाहून विरघळते, त्या दिवशी विरघळले नाही. मी तो ग्लास तसाच ठेवून उठले, आणि जिन्यावर मला कळलं की मी मोठ्याने बोलते आहे, एकटीच.

आता तो घरी असतो. आईचे पाय चेपतो, नळ दुरुस्त करतो, गल्लीत कुणाचा पंखा बिघडला तरी कुणी बोलवत नाही. गेल्या रविवारी दुपारी दारात एक मोटारसायकल थांबली. दिराबरोबर पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला त्याचा जुना साथीदार. स्वच्छ शर्ट, हातात केळी. ओट्यावर पाय ठेवत म्हणाला, "नमस्ते भाभी. भाई से मिलना था. एक काम है."

मी त्याला ओट्याच्या वर येऊ दिलं नाही. सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात त्याचा उद्धार केला, केळी रस्त्यावर फेकली, आणि मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले. आत आले तर दीर उंबऱ्यापाशीच टेकून उभा. सगळं ऐकत होता. मी अजून धापा टाकत होते.

"वहिनी, कायले एवढं ओरडता?" तो म्हणाला. "बाकी कोणी तं काम घेऊन आलंच नाही." आणि मग हसला. "याच्यासंगं एक बार गेलो ना, तं म्याडमची मदत पण पुन्हा सुरू होईन."

चेष्टा करत होता. रात्री नवऱ्याला सांगताना मी तसंच सांगितलं, की चेष्टा केली त्याने. पण मी त्याच्या समोर उभी होते तेव्हा, मी, जिला कुणाचंही तोंड बंद करता येतं, त्याच्या बोलण्यात चुकीचं काय आहे ते शोधत राहिले आणि मला एक शब्द सापडला नाही.